राजद्रोह आणि चाट यांच्या मधले विनोद दुआ

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलंय की टीव्हीवरचा अँकर म्हणजे काय, कोणीतरी लिहून दिलेलं काचेवर सरकतं आणि हा ते वाचतो, त्यात कसली आलीय पत्रकारिता, चेहरा बरा असला आणि आवाज चढा असला की झालं. आता आजचे चॅनल बघून कोणाला असं वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही, पण माझं सगळं आयुष्य टीव्हीच्या मागच्या बाजूला गेलं, म्हणजे अक्षरशः मागच्या बाजूला, कव्हर काढून हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन, त्यामुळे पुढच्या बाजूला कोण काय बोलतंय ते मी चाळीस वर्षं ऐकत आलोय. दुरुस्त केलेला सेट तास दोन तास चालू ठेवून बघावा लागतो ना, तेव्हा समोर जे लागलं असेल ते ऐकायचंच. म्हणून हे पत्र, हिंदी टीव्हीवरचे पत्रकार विनोद दुआ यांच्याबद्दल. जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण आकडे आणि सालं तेवढी नीट छापा.

निमित्त अजून एक आहे. माझी पुतणी पुण्यात मास मीडिया करते. दिवाळीला आली होती, तिला म्हटलं विनोद दुआ माहितीये का, तर तिने लगेच मोबाईलवर शोधून दोन क्लिपा काढल्या. एकात कोर्टाची बातमी, राजद्रोहाचा गुन्हा रद्द, आणि दुसऱ्यात हा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून काहीतरी चटकदार खातोय. मला म्हणते, "काका, हे फूड ब्लॉगर होते का? मग ह्यांच्यावर राजद्रोह कशाला?" मी हसलो खरा पण नंतर वाटलं, तिचं काय चुकलं? तुमच्यासकट सगळ्या पेपरांनी ते गेले तेव्हा, म्हणजे ४ डिसेंबर २०२१ ला, हेच दोन तुकडे मोठे करून छापले होते. सुरुवातीची आणि मधली वर्षं एका ओळीत, 'दूरदर्शनपासून कारकीर्दीला सुरुवात' असं म्हणून संपवली. आणि माझ्या मते तो माणूस होता तो त्या एका ओळीतच.

मी १९८४ साली एकोणीस वर्षांचा होतो, इथे फलटणला मामाच्या दुकानात हाताखाली. रेडिओ, टेप आणि नवीन नवीन टीव्ही. गावात सेट मोजके, बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरवाले. सिंहगडावरच्या केंद्राचं प्रक्षेपण पकडायचं म्हणजे उंच जीआय पाईप, त्याच्यावर अँटेना, खाली बूस्टर, आणि एक जण गच्चीवर पाईप फिरवतोय, दुसरा जिन्यात, तिसरा टीव्हीपुढे, "आलं आलं… गेलं… थोडं मागं घे" हा आरडाओरडा. ज्यांनी केलंय त्यांना कळेल. तर त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटी लोकसभेची मतमोजणी लागली. इंदिराबाईंची हत्या होऊन दोन महिने झाले होते. मतं कागदाची, शिक्के मारलेली, हाताने मोजायची, त्यामुळे निकाल काही तासात लागत नव्हते, दिवसन्‌दिवस चालायचं. दूरदर्शन मध्येच पिक्चर लावायचं, मध्येच निकाल, परत पिक्चर. मामाने दुकानातला एक सेट स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून ठेवला आणि समोर घोंगड्या, स्वेटर, मफलर गुंडाळलेली पन्नास साठ माणसं, काही तर बाजारला आलेली ती एसटी चुकवून थांबलेली.

स्क्रीनवर दोन तरुण. एक दाढीवाले प्रणव रॉय, ते इंग्रजीत बोलणार, टक्के, स्विंग, कुठल्या राज्यात कोणाची मतं किती सरकली. आणि शेजारी हे विनोद दुआ, तेव्हा तिशीचे, ते हिंदीत. रॉय बोलायला लागले की आमच्याकडे कुजबुज सुरू, बिड्या पेटायच्या, कोणी चहा सांगायचं. एक ऊसवाले आबा होते, ते दर वेळी विचारायचे, "आरं त्यो दाढीवाला काय म्हनला?" आणि आमच्यातल्या कॉलेजवाल्याने तोंड उघडायच्या आत दुआंनी ते हिंदीत सांगून टाकलेलं असायचं. आबांना हिंदी पण बेताचीच, पण कळायचं. का कळायचं ह्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. एक तर ते शब्दाला शब्द लावत बसायचे नाहीत. इंग्रजीतलं वाक्य पूर्ण ऐकायचं, पोटात घालायचं आणि चहाच्या टपरीवर आपण जसं सांगू तसं बाहेर काढायचं. आकडा चुकायचा नाही. समोर लिहिलेलं काही नाही, कारण निकालच जिथे आत्ता येतोय तिथे आधी लिहून कोण देणार? तेव्हाची दूरदर्शनची बातम्यांची हिंदी आठवतीये ना, सगळं संस्कृत, जड जड, आपण मराठी माणसं संस्कृत शब्दांमुळे तरून जायचो एवढंच. ह्या माणसाची हिंदी दिल्लीच्या गल्लीतली होती, त्यात उर्दू, पंजाबी सगळं मिसळलेलं.

काँग्रेसला त्या वेळी ५१४ पैकी ४०४ जागा मिळाल्या, हे सगळ्यांना माहितीये. मला त्यातलं आठवतं ते आबांनी विचारायचं बंद केलं होतं ते. तिसऱ्या दिवशी ते रॉय बोलत असताना गप्प बसायचे आणि दुआंकडे बघत राहायचे, आता सांगेल म्हणून.

हे असं बोलणं एका रात्रीत येत नाही हो. ते गृहस्थ म्हणतात तसं चेहऱ्यावर तर अजिबात येत नाही. विनोद दुआंचे आईवडील फाळणीत डेरा इस्माईल खानहून, म्हणजे आता पाकिस्तानात गेलेल्या भागातून, दिल्लीला आले. ११ मार्च १९५४ चा त्यांचा जन्म, निर्वासितांच्या वस्त्यांत वाढले, हंसराज कॉलेजला शिकले, एमए पण इंग्रजी साहित्यात केलं. म्हणजे इंग्रजी पक्की येत असलेला माणूस हिंदीत बोलायचं ठरवतो, हे लक्षात घ्या. कॉलेजात गाणं, वादविवाद, आणि नाटकं, ती पण रस्त्यावर उभं राहून करायची, हुंड्यासारख्या विषयावरची पथनाट्यं. रस्त्यावर नाटक करताना समोरचा माणूस कंटाळला तर उठून जात नाही, तो उभाच असतो, नुसता चालायला लागतो. तिथे शिकलेल्या माणसाला लोकांना थांबवून कसं ठेवायचं ते कॅमेऱ्यासमोर वेगळं शिकवावं लागत नसणार.

टीव्हीवर पहिल्यांदा आले ते नोव्हेंबर १९७४ मध्ये, 'युवा मंच' नावाच्या तरुणांच्या कार्यक्रमात. आणि पुढच्या वर्षी जे झालं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला फार जवळचं आहे. १९७५ मध्ये अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन देशातल्या सहा राज्यांत सुमारे २,४०० गावांमध्ये टीव्ही पोचवायचा सरकारने प्रयोग केला, त्याला साइट म्हणायचे. आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. गावात दहा फुटांची छत्री, आणि ती कशाची, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची! आजच्या डिशवाल्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. त्या प्रयोगासाठी दुआ 'युवजन' करायचे, रायपूर, मुजफ्फरपूर, जयपूर ह्या भागातल्या तरुणांसाठी. मग अमृतसरच्या केंद्रावर 'जवां तरंग', ते १९८० पर्यंत. मग १९८१ ते ८४ रविवारी सकाळचं 'आप के लिए'. म्हणजे बघा, आम्ही ज्याला १९८४ च्या डिसेंबरात पहिल्यांदा नीट बघितलं तो दहा वर्षं हेच काम करून आलेला होता, आणि त्यातला एक भाग तर अशा प्रेक्षकांसाठी ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा टीव्ही बघितला होता. अशा प्रेक्षकापुढे 'जनाधार' हा जड शब्द कसा चालेल, त्याला 'लोक किती पाठीशी आहेत' असंच सांगावं लागेल.

आता 'जनवाणी'. १९८५. हा कार्यक्रम आज कोणाला आठवत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. दूरदर्शन तेव्हा शंभर टक्के सरकारचं, प्रसार भारती वगैरे सगळं १९९७ नंतरचं. खाजगी चॅनल नाही. आणि त्या सरकारी टीव्हीवर मंत्र्याला खुर्चीत बसवायचं आणि साध्या माणसांनी तोंडावर प्रश्न विचारायचे. साहेब, आज कोणीही उठून मोबाईलवर मंत्र्याला शिव्या देतो त्यामुळे ह्याचं काही वाटणार नाही, पण आमच्याकडे तहसीलदाराच्या टेबलापुढे उभं राहिलं तरी चप्पल बाहेर काढणारी माणसं होती तेव्हा. टीव्हीवर माईक हातात घेतलेल्याचा हात थरथरतोय आणि समोर केंद्रातला मंत्री, हे आम्ही बघितलं. आणि ह्या सगळ्यात दुआ काय करायचे? तर फार काही नाही. विचारणाऱ्याला धीर द्यायचा, मंत्री भलतीकडे वळला की पुन्हा प्रश्नावर आणायचा, आणि बाकी वेळ गप्प. हे गप्प बसणं मला सगळ्यात अवघड काम वाटतं. हल्ली बघा, पॅनलवर आठ चौकटी आणि अँकर नववा, आणि सगळ्यात जास्त तोच बोलतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बूस्टर लावला की सिग्नल वाढतो, पण त्याच्याबरोबर पडद्यावरच्या मुंग्या पण वाढतात, आणि स्वस्तातला बूस्टर असला तर नुसत्या मुंग्याच वाढतात.

हां, एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल हा वाचणाऱ्यांना कमी लेखतो. तसं अजिबात नाही. आपले प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील पण, ह्यांनी मुंबई केंद्रावर सातच्या बातम्या वाचल्या आणि आमच्यासारख्यांचं मराठी त्याच्यावर सुधारलं. भिड्यांचा आवाज आला की गल्लीतल्या घड्याळांना किल्ल्या द्यायची वेळ झाली असं आमची आई म्हणायची. नीट वाचणं ही वेगळी कला आहे आणि ती सुद्धा आता गेलीच. फक्त वाचणारा आणि सूत्र हातात घेऊन बोलणारा ही दोन वेगळी कामं आहेत, तुमच्या पत्रलेखकाने ती एकात घातली.

पुढचं जरा भरभर सांगतो. १९८७ ला ते टीव्ही टुडेमध्ये चीफ प्रोड्युसर म्हणून गेले, वर्षभरात स्वतःची कंपनी काढली. १९९२ ला झी टीव्हीवर 'चक्रव्यूह'. सोनीवर १९९८ च्या निवडणुकीला 'चुनाव चुनौती', २००० ते २००३ सहारावर 'प्रतिदिन', मग एनडीटीव्ही इंडिया. म्हणजे भारतात टीव्ही जसजसा बदलत गेला, सरकारी, मग केबल, मग चोवीस तास बातम्या, मग इंटरनेट, त्या प्रत्येक स्टेशनवर हा माणूस उतरलेला दिसतो. आम्ही पण तेच केलं म्हणा, व्हॉल्व्ह, मग ट्रान्झिस्टर, मग आयसी, आणि आता एलईडीची पट्टी गेली की अख्खा पॅनलच बदला, दुरुस्ती नाहीच. पण आम्ही प्रत्येक वेळी नवीन शिकलो, आणि दुआंनी मात्र जुनी एकच गोष्ट सगळीकडे वापरली, ती बोलीतली हिंदी.

ह्या सगळ्यात माझा जीव अडकलेला कार्यक्रम म्हणजे 'परख'. १९९२ ते १९९६, दूरदर्शनवर, दर आठवड्याला. चॅनल सरकारी पण कार्यक्रम दुआंच्या कंपनीने बनवलेला. बाबरी, मुंबईचे बॉम्बस्फोट, लातूरचा भूकंप, नवं आर्थिक धोरण, देशात काय काय चाललं होतं त्या चार वर्षांत ते आठवा. त्या काळात आमच्या दुकानात बारा गिऱ्हाईकांचे बारा टीव्ही एका रांगेत, आणि 'परख' लागायच्या वेळी मी जेवढे चालू होण्यासारखे असतील तेवढे सगळे चालू करायचो. एकात चित्र फिरतंय, एकात नुसता आवाज, एकात सगळे हिरवे, आणि बारा दुआ एकदम बोलतायत. मामा ओरडायचा, लाईटबिल कोण भरणार म्हणून. पण तो पण बघायचा.

खाण्याच्या त्या क्लिपमधल्या 'जायका इंडिया का' बद्दल पुतणीला मी एवढंच सांगितलं की तो कार्यक्रम मला आवडायचा पण त्याला नुसता खाण्याचा कार्यक्रम म्हणू नको. पंचतारांकित हॉटेलात न जाता ढाब्यावर, ठेल्यावर जायचं, आणि पदार्थापेक्षा बनवणाऱ्याशी गप्पा. नीट बघितलं तर तो 'जनवाणी'च आहे, फक्त मंत्र्याच्या जागी कढई. तिला हे पटलं की नाही माहीत नाही, तिने नंतर बटाटावड्याचा फोटो काढून कुठेतरी टाकला.

आता उजळ बाजूच लिहितो असं व्हायला नको. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मीटूची लाट आली तेव्हा एका चित्रपट दिग्दर्शिकेने त्यांच्यावर १९८९ मधल्या प्रसंगांबद्दल लैंगिक छळाचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले. तेव्हा ते ज्या वेबसाइटसाठी 'जन गण मन की बात' करायचे तिने चौकशी समिती नेमली, तो कार्यक्रम बंद पडला. खरं काय हे ठरवणारा मी कोण, पण माणसाच्या कारकिर्दीबद्दल लिहायचं तर हे वगळून लिहिता येत नाही, आणि मला आवडणारा माणूस आहे म्हणून मी वगळलं तर मग मी पण त्या आठ चौकटींतलाच एक.

आणि दुसरी तक्रार माझी स्वतःची आहे. 'जन गण मन की बात' मी बघायचो, दहा एक मिनिटांचा असायचा, धाडस होतंच त्यात, कोणाची भीडभाड नाही. पण मला ते एकटे दिसायचे. कॅमेरा आणि ते. ज्या माणसाने लोकांच्या हातात माईक दिला तो शेवटी एकटाच बोलत होता, आणि आपण त्याला हो हो म्हणत होतो, कारण आधीच आपल्याला पटणारं असेल तेच आपण मोबाईलवर उघडतो. आबांसारखा काहीच न पटलेला, नुसता कुतूहलाने थांबलेला माणूस त्या प्रेक्षकांत नव्हता. ह्यात त्यांची चूक किती आणि काळाची किती मला सांगता येत नाही. सरकारी टीव्हीवर असा कार्यक्रम त्यांना आता कोणी दिला असता का, तर नाही.

राजद्रोहाचं प्रकरण थोडक्यात, कारण ते सगळीकडे आलंय. ३० मार्च २०२० च्या, यूट्यूबवरच्या 'द विनोद दुआ शो' ह्या कार्यक्रमावरून, म्हणजे लॉकडाऊन लागून आठवडा पण झाला नव्हता, हिमाचलात शिमला जिल्ह्यातल्या भाजपच्या एका नेत्याने तक्रार केली आणि मे महिन्यात गुन्हा दाखल झाला. सुप्रीम कोर्टाने १४ जूनला, रविवार असताना, सुनावणी घेऊन अटकेपासून संरक्षण दिलं आणि ३ जून २०२१ ला गुन्हा रद्द केला. त्या खंडपीठावर आपले उदय लळित होते, जे पुढे सरन्यायाधीश झाले, आणि विनीत सरन. केदारनाथ सिंह प्रकरणात १९६२ साली कोर्टाने जे म्हटलं होतं, की सरकारवर कडक टीका केली म्हणजे राजद्रोह होत नाही, हिंसेला चिथावणी असावी लागते, ते संरक्षण प्रत्येक पत्रकाराला आहे असं निकालात आहे. दुआंची अजून एक मागणी होती, दहा वर्षं अनुभव असलेल्या पत्रकारावर गुन्हा घेण्याआधी एका समितीने तपासावं, ती कोर्टाने मान्य केली नाही. पेपरांनी पहिला भाग मोठा छापला, दुसरा कोपऱ्यात.

निकाल लागला तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी पद्मावती, ज्यांना सगळे चिन्ना म्हणायचे, दोघंही कोविडमधून जात होते. त्याच महिन्यात चिन्ना गेल्या. त्या डॉक्टर होत्या, आणि दोघं मिळून गायचे पण, बाबा फरीद, बुल्ले शाह. सहा महिन्यात हे पण गेले, वय ६७. पद्मश्री २००८ ला मिळाली होती आणि मुंबई प्रेस क्लबचा रेडइंक जीवनगौरव २०१७ ला, हे नोंदीसाठी.

तर साहेब मागणी काय, तर तुम्ही पुरवणीत मधूनमधून जुन्या दूरदर्शनवर लिहिता, हमलोग, रामायण, चित्रहार, तेच तेच. एकदा 'जनवाणी' आणि 'परख' वर कोणाला तरी लिहायला सांगा, ज्यांनी त्यात काम केलं ते कॅमेरामन, एडिटर अजून असतील, त्यांच्याकडून. माझ्या पुतणीच्या वर्गाला तेच जास्त उपयोगी पडेल.

आणि एक खाजगी विनंती, छापलीत तर उपकार होतील. माझ्याकडे 'परख' चे काही भाग व्हीएचएस कॅसेटवर रेकॉर्ड केलेले आहेत, सात कॅसेट, वर मामाच्या अक्षरात 'परक' असं लिहिलंय, त्याचं ख आणि क मध्ये नेहमी व्हायचं. माळ्यावर ठेवल्या ही माझीच चूक, पावसाळ्यात टेपला पांढरी बुरशी धरली. दोन साफ केल्यात, स्पिरिट आणि मऊ कापड घेऊन, हाताने रीळ फिरवत, आठवडा लागला. पण माझ्या व्हीसीआरचं हेड गेलंय आणि मला आता ते कुठे मिळत नाही. कोणा वाचकाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर किंवा नुसतं हेड पडून असेल तर तुमच्या ऑफिसमार्फत कळवावं, मी स्वतः येऊन घेऊन जाईन, योग्य ते पैसे देईन. चार हेडवालं असलं तर फारच चांगलं.

आपला,
एक टीव्ही दुरुस्तीवाला, फलटण